तान्ह्या बाळाला घेऊन एकटीने विमानात

लेकीने पहिल्या बाळंतपणाला माहेरी यावे, तिचे न्हाणे-माखणे, शेक-शेगडी, बारसे सगळे यथासांग व्हावे, आणि मग बाळाला दुपट्यात गुंडाळून तिने सासरी जावे, ही आपल्याकडची जुनी रीत. ती जावयास निघाली म्हणजे बरोबर कोणीतरी असावयाचेच. भाऊ असेल, मामा असेल, नाहीतर घरातली एखादी आत्या. ओली बाळंतीण लेकरू घेऊन एकटी निघाली असे कोणी ऐकले, तर लगेच विचारावयाचे, “का हो, घरात कोणी माणूस नाही का?”

रीत वाईट नव्हती. पण श्रोतेहो, त्या रीतीच्या वेळी सासर दहा-वीस कोसांवर असे. आता जावई बंगळूरला आहे, दिल्लीला आहे, कोणाचा दुबईला. पोचवायला माणूस पाठवायचा तर त्याचे जाण्याचे एक तिकीट, येण्याचे दुसरे. भावाला रजा नाही. वडिलांचे सोयाबीन काढणीला आलेले. जावई म्हणतो, “पुढच्या महिन्यात सुटी मिळते का बघतो.” तो पुढचा महिना काही येत नाही. इकडे बाळ पालथे पडू लागते, बसू लागते, आणि बाप ते सगळे फोनच्या काचेत बघतो. लेकीला विचारावे तर ती म्हणते, “मी जाईन की एकटी.” आणि तिची आई म्हणते, “गप्प बैस, विमानात बाळाचे कान फुटतात.”

आज मला बोलायचे आहे ते या दोघींशी. शिक्षक बंधु-भगिनींशीही बोलायचे आहे, कारण खेड्यात तिकिटाचे आणि कागदपत्रांचे काम निघाले की माणसे गुरुजींकडेच येतात.

विमान ही आता मुंबईच्याच लोकांची गोष्ट राहिलेली नाही. ‘उडान’ योजनेतली पहिली विमाने २७ एप्रिल २०१७ रोजी सुटली, त्यांत सिमला-दिल्लीच्या बरोबरीने आपले नांदेड-हैदराबाद हेही होते. नाशिक, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर येथूनही विमान मिळते. तेव्हा एस.टी.ने तालुक्याला जाणारी मुलगी उद्या विमानाने जाणार, हे धरून चालले पाहिजे.

आधी कागद बघू. मांडीवर बसणाऱ्या बाळालाही तिकीट लागते. दोन वर्षांच्या आतले बाळ आईच्या मांडीवर जाते, त्याला वेगळी जागा मिळत नाही, पण त्याचे नाव तिकिटात नोंदवावे लागते आणि त्याचे थोडे पैसेही पडतात. बाळाचे वय दाखवायला जन्माचा दाखला हवा. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करावयाची असते हे आपल्याला ठाऊक आहे, पण नोंद झाली तरी दाखला हातात घ्यायचे राहून जाते, नाहीतर त्यावर बाळाचे नावच घातलेले नसते. बारशानंतर हे काम आठवणीने उरकून घ्यावे. परदेशी जायचे असेल तर तान्ह्या बाळालाही स्वतःचा पासपोर्ट लागतो, आणि त्याला वेळ जातो.

दुसरी अडचण याहून नेहमीची आहे आणि ती आपल्या चालीरीतीतून आलेली आहे. लग्नात मुलीचे नाव बदलते. आधार कार्डावर माहेरचे नाव असते आणि जावई हौसेने तिकीट काढतो ते सासरच्या नावाने. विमानतळाच्या दारावरचा शिपाई दोन्ही नावे ताडून बघतो. नावे जुळली नाहीत तर बाळ कडेवर घेऊन तिला तिथेच उभे राहावे लागते. म्हणून गुरुजींनी तिकीट काढून देताना एकच नियम पाळावा. जे ओळखपत्र ती बरोबर नेणार, त्यावर जसे नाव आहे तसेच अक्षरन्‌अक्षर तिकिटावर घालावे. सासरचे नाव लावण्याची हौस मागाहून भागवता येते.

बाळ किती दिवसांचे झाले म्हणजे न्यावे? अगदी पहिल्या आठवड्या-पंधरवड्यात नेऊ नये. कंपन्यांचेही याबद्दल आपापले नियम आहेत. बाळ दिवस भरण्याआधी जन्मलेले असेल, त्याच्या छातीचे किंवा हृदयाचे काही दुखणे असेल, तर डॉक्टरांना विचारल्यावाचून तिकीट काढू नये. भरल्या अंगाचे, दोन-तीन महिन्यांचे, निरोगी बाळ खुशाल जाते. जुळी असतील तर मात्र एकटीला जाता येणार नाही, कारण एका मांडीवर एकच बाळ असा नियम आहे.

आता सामान. निघताना आई ओटी भरणार, नारळ घालणार. हा नारळ विमानतळावर अडतो. अख्खा नारळ हातातल्या पिशवीतून नेऊ देत नाहीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये शबरीमलेच्या यात्रेकरूंना तेवढ्या यात्राकाळापुरती सवलत द्यावी लागली होती, यावरून नियम किती कडक आहे ते समजावे. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तर मोठ्या बॅगेतही चालत नाहीत. २०२२ पासून ती बंदी आहे. हे ऐकून कोणी हसेल, पण कारण खरे आहे. खोबऱ्यात तेल फार, आणि तेलकट खोबरे कोंदट जागेत आतल्या आत तापत जाऊन पेट घेऊ शकते. तेव्हा माझे सांगणे असे की, ओटीचा नारळ घरीच वाढवावा, सगळ्यांनी प्रसाद खावा, आणि लेकीच्या पदरात तांदूळ आणि खण तेवढा ठेवावा. बाळंतिणीसाठी केलेले लाडू मोठ्या बॅगेत घट्ट डब्यात घालावेत.

हातातली पिशवी एकच असावी आणि ती खांद्याला अडकवता यावी, म्हणजे दोन्ही हात बाळाला मोकळे राहतात. तिच्यात काय? प्रवासाला लागतील त्याहून दुप्पट लंगोट, बाळाचे दोन जोड कपडे, टोपडे, एक मऊ दुपटे, ओल्या कपड्यांसाठी प्लॅस्टिकची पिशवी, आणि स्वतःसाठी एक ब्लाउज किंवा कुडता. हे शेवटचे कोणी सांगत नाही. बाळाने दूध ओकले तर बाळाचे कपडे बदलता येतात, आईला मात्र तसेच ओले बसावे लागते. विमानातली हवा गार आणि फार कोरडी असते, म्हणून दुपटे वर ठेवावे आणि आईने पाणी पीत राहावे. बाळाला वरचे दूध चालू असेल तर ते, उकळलेले पाणी, औषध, हे सगळे नेता येते. परदेशी जाताना पातळ पदार्थ १०० मिलिलिटरच्या वर नेऊ देत नाहीत, पण बाळाच्या दुधाला आणि औषधाला त्यातून सूट आहे. बाटल्या पिशवीच्या वरच ठेवाव्यात आणि आपण होऊन दाखवाव्यात.

घरातल्यांनी एक गोष्ट मनाशी आधीच ठरवून ठेवावी. तिकीट नसलेल्या माणसाला विमानतळाच्या दाराच्या आत सोडत नाहीत. स्टेशनवर आपण डब्यात चढून जागा करून देतो, गाडी हलली की उडी मारून उतरतो, ते येथे नाही. निरोप दारातच. तेथून पुढे ती आणि बाळ. म्हणून रडण्याचा कार्यक्रम घरी उरकून यावे, दारात नको. दोन तास आधी पोचावे. सामान घेण्याचा काउंटर विमान सुटण्याच्या साधारण तासभर आधी बंद होतो आणि मग कोणाचे काही चालत नाही.

काउंटरवर तिने स्वच्छ सांगावे, “मी बाळाला घेऊन एकटी आहे, पहिल्यांदाच चालले आहे. मला मदत लागेल.” हे वाक्य तिच्याकडून घरी दोन-चारदा म्हणवून घ्या. आपल्या मुली लाजतात, आणि न मागता मदत करावी हे ओळखणारी माणसे सगळीकडे नसतात. सांगितले की बहुतेक ठिकाणी माणूस बरोबर देतात, विमानात आधी चढवतात. लहान गावच्या विमानतळावर विमानाला शिडी लावलेली असते. बाळ कडेवर, पिशवी खांद्यावर आणि साडीच्या निऱ्या पायात अशी शिडी चढणे धोक्याचे आहे. त्या दिवशी अंगावर सुटसुटीत कपडे असावेत. साडीच नेसायची तर घोट्याच्या वर नेसावी. पिशवी मागच्याच्या हातात द्यावी, एक हात कठड्याला असावा.

तपासणीच्या जागी पिशवी यंत्रातून जाते, बाबागाडी असेल तर तीही जाते, पण बाळ जात नाही. ते आईच्या कडेवरच असते. बायकांची तपासणी पडद्याआड बाईच करते. तिच्या हातातले यंत्र धातू दिसला की किंचाळते, आणि आपल्या बाळाच्या अंगावर तर वाळे, मनगट्या, कमरेला चांदीची साखळी! किंचाळले तरी घाबरण्याचे कारण नाही, ती बघून सोडून देते. पण दचकून बाळ रडते. वाळे-मनगट्या आदल्या दिवशी काढून ठेवाव्यात. काळा दोरा आणि तीट राहू द्या, त्यांना यंत्र काही म्हणत नाही.

आता कानांकडे येतो. आजीचे म्हणणे अगदीच खोटे नाही, पण पुरते खरेही नाही.

आपण जमिनीवर वावरतो तेव्हा हवेचा दाब आपल्याला सगळीकडून असतो. वर जावे तसा तो कमी होतो. विमान ३५,००० फुटांवर असताना बाहेरची हवा समुद्रकाठच्या पाव हिश्शाइतकीच उरते आणि थंडी शून्याखाली पन्नास अंशांच्या आसपास असते. तिथे माणूस जगणार नाही, म्हणून विमानात यंत्राने हवा भरून दाब वाढवलेला असतो. पण तो समुद्रकाठाइतका ठेवीत नाहीत. ६,००० ते ८,००० फूट उंचीच्या डोंगरावर जेवढा असेल तेवढा ठेवतात. आपली कळसूबाई सुमारे ५,४०० फूट. म्हणजे बाळ अर्ध्या तासात कळसूबाईच्या शिखरापेक्षा थोडे वर जाते आणि उतरताना तसेच खाली येते. घाट चढता-उतरताना तुमचे कान बंद होतात, गिळले की फट्‌कन उघडतात. तेच हे.

कानाच्या पडद्यामागे हवेची एक लहानशी पोकळी आहे. तिथून घशापर्यंत एक बारीक नळी जाते. पुस्तकात तिला युस्टेशियन नलिका म्हणतात, सोळाव्या शतकातल्या एका इटालियन वैद्याच्या नावावरून. ही नळी एरवी मिटलेली असते आणि आपण गिळतो तेव्हा क्षणभर उघडते. विमान चढताना पोकळीतली हवा फुगून आपोआप बाहेर निसटते, त्रास कमी होतो. उतरताना उलट होते. बाहेरचा दाब वाढतो, पडदा आत ढकलला जातो, आणि मऊ नळी दाबाने अधिकच मिटते. म्हणून कान दुखतात ते बहुधा उतरताना. मोठा माणूस आवंढा गिळतो, जांभई देतो. बाळाला हे सांगता येत नाही, आणि त्याची नळी आपल्यापेक्षा आखूड, अरुंद आणि आडवी असते.

यावर उपाय काय, तर बाळाला गिळायला लावणे. आणि तो उपाय आईच्या अंगावरच आहे. विमान चढताना आणि उतरताना बाळाला पाजावे. वरचे दूध असेल तर बाटली द्यावी. दूध नको असेल तर चोखणी चालते. मात्र एक चूक सर्रास होते. बाया विमानाची चाके जमिनीला टेकायच्या बेताला पाजायला घेतात. उतरणे त्याच्या वीस-तीस मिनिटे आधीच सुरू झालेले असते. विमानाचे नाक खाली झाले, आवाज बदलला, पट्टे बांधायची सूचना झाली, की सुरुवात करावी आणि थोडे थोडे, थांबून थांबून पाजावे. त्यासाठी बाळाला थोडी भूक राखून ठेवावी लागते. बाळ झोपलेले असेल तर उतरणीला हलकेच जागे करावे, कारण झोपेत गिळणे कमी होते. आणि रडलेच तर रडू द्यावे. रडताना ते मध्ये मध्ये गिळतेच. बाळाला सर्दी भरली असेल किंवा कान वाहत असेल, तर मात्र ती नळी सुजून बंद झालेली असते. अशा वेळी डॉक्टरांना दाखवावे आणि ते म्हणाले तर तिकीट पुढे ढकलावे. तिकिटाचे पैसे गेले तरी चालतील.

शिक्षकांसाठी एक गोष्ट सांगून पुढे जातो. कधी सहल महाबळेश्वरला गेली तर तिथे प्लॅस्टिकची रिकामी बाटली बूच घट्ट लावून ठेवा आणि आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरा. बाटली चेपलेली दिसेल. कानाचा पडदा आत का ढकलला जातो ते मुलांना फळ्यावर चित्र काढल्यावाचून समजेल.

आता एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. “बाळ रडू नये म्हणून निघताना सर्दीच्या औषधाचे दोन थेंब दे, गाढ झोपेल,” असा सल्ला शेजारीपाजारी देतात, आणि तो देणारी माणसे चांगली शिकलेलीही असतात. हा सल्ला ऐकू नका. मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बाया एके काळी तान्ह्या मुलांना बाळगोळी देऊन जात. त्या गोळीत अफू असे. त्या बायांना आपण नावे ठेवायचे कारण नाही, त्यांना दुसरा मार्ग नव्हता. पण झोपेचे पातळ औषध म्हणजे त्याच गोळीची नवी बहीण आहे. त्याने लहान बाळाचा श्वास मंदावू शकतो, आणि काही मुलांवर तर उलटा परिणाम होऊन ती अधिकच चेकाळतात. डॉक्टरांनी त्या बाळाला, त्या वजनाला म्हणून लिहून दिलेले नसेल ते काहीही देऊ नये. बाळाचे रडणे हा त्याला आजार नाही.

आसनावर बसल्यावर आधी आईने आपला पट्टा बांधायचा. मग सेविकेकडून बाळाचा छोटा पट्टा मागून घ्यायचा. तो आईच्या पट्ट्यात ओवून बाळाभोवती बांधतात. दोघांना मिळून एकच पट्टा कधीही बांधू नये. विमानाला हिसका बसला तर आईच्या अंगाच्या भाराखाली बाळ चिरडेल. प्राणवायूचे मुखवटे वरून खाली पडले, तर पहिला मुखवटा आईने स्वतः लावायचा, मग बाळाला. हे ऐकून कोणत्याही आईचे मन मागे सरते, म्हणून कारण सांगतो. तेवढ्या उंचीवर प्राणवायूवाचून माणसाची शुद्ध अर्धा ते एक मिनिट टिकते. बाळाच्या टोपड्यातून मुखवटा बसवण्याच्या खटपटीत ते मिनिट गेले, तर दोघांनाही बघणारे कोणी उरत नाही. बाळासाठी जादा मुखवटा सगळ्याच आसनांवर नसतो. अनेक विमानांत तीन आसनांवर चार मुखवटे असतात. म्हणून सेविकेने जागा बदलायला सांगितली तर वाद घालू नये.

मांडी ही सर्वांत सुरक्षित जागा आहे का? खरे सांगायचे तर नाही. १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत सू सिटी येथे युनायटेड कंपनीचे एक विमान कोसळले. २९६ माणसांपैकी ११२ दगावली. त्या विमानात चार बाळे मांडीवर होती. त्या वेळच्या नियमाप्रमाणे मुख्य सेविका जॅन ब्राउन हिने आयांना बाळे पायाशी जमिनीवर ठेवायला सांगितले. त्यांतले एक बाळ गेले. ती बाई पुढे वर्षानुवर्षे, बाळाला वेगळी जागा आणि वेगळी बैठक सक्तीची करा, म्हणून सरकारदरबारी खेटे घालीत राहिली. सरकारने सक्ती केली नाही. त्यांचे म्हणणे, जादा तिकिटाचा भार पडला तर लोक मोटारीने जातील, आणि रस्त्यावर मुले अधिक मरतात. मला दोघांचेही पटते. ऐपत असेल त्याने कंपनीला विचारून बाळाला वेगळी जागा घ्यावी. नसेल तर मांडीवर, पट्टा बांधून, निर्धास्त जावे. रात्रीच्या जीपगाडीने हमरस्त्यावरून जाण्यापेक्षा हा प्रवास कितीतरी बिनधोक आहे.

आता लोकांचे. बाळ रडू लागले की दोन ओळी मागे-पुढे माना वळतात. कोणी कपाळाला आठ्या घालतो. आपली मुलगी मग घामाघूम होते, बाळाला जोरजोराने हलवते, आणि ते अधिकच रडते. तिला एवढेच सांगून पाठवा की, तिने तिकीट काढले आहे आणि बाळानेही काढले आहे. पाजायचे झाले तर पदर किंवा ओढणी घेऊन आपल्या जागेवरच पाजावे, कोणाची परवानगी लागत नाही. खिडकीची जागा आधीच मागून घेतली तर आडोसा मिळतो. आणि शेजारच्या आसनावर तुमच्या-माझ्यासारखा कोणी असेल, तर त्याने वर्तमानपत्रात डोके घालून न बसता तिची पिशवी वर ठेवून द्यावी, खाली काढून द्यावी. तिला मुखमार्जनाला जायचे असेल तर सेविकेला हाक मारावी.

विमान थांबले की सगळी माणसे एकदम उठून वाटेत उभी राहतात. तिने उठू नये. सगळ्यांना उतरू द्यावे, मग सावकाश निघावे. बाबागाडी दारात दिली असेल तर ती कुठे मिळेल हे विचारून घ्यावे. सामान फिरत्या पट्ट्यावर येते. बाळ कडेवर असताना वाकून बॅग ओढू नये, शेजारच्याला सांगावे, तो काढून देतो. जावईबापू बाहेर थांबलेले असतील, आत येऊ शकणार नाहीत. कोणत्या दारापाशी थांबणार ते फोनवर आधीच ठरलेले असावे, म्हणजे शोधाशोध होत नाही.

घरी पोचल्यावर बाळ एक-दोन दिवस किरकिर करील, झोपेच्या वेळा चुकतील. ते आपोआप ठीक होते. पण बाळ एकच कान सारखा ओढू लागले, ताप आला, पिताना मध्येच सोडून रडू लागले, किंवा कानातून पाणी आले, तर घरात तेल गरम करून कानात घालू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे, आणि विमानाने आलो हे त्यांना सांगावे.